खिडकी कोणत्या बाजूला

पहिल्या तपासणीला नर्सने पिवळं कार्ड काढलं.
नाव. वय. पाळी कधी चुकली.
घरात कुणी विडी-सिगारेट? नाही.
चूल? नाही, गॅस आहे.
तंबाखू, मिसरी? नाही गं बाई.
सगळ्या नाहींची एक सरळ रांग झाली
आणि कार्ड माझ्या हातात आलं, निष्कलंक.

खिडकी कोणत्या बाजूला उघडते
हा रकानाच नव्हता त्यात.

आमची उघडते बंदराकडे.
वास्कोत, सड्याच्या उतारावर, तिसऱ्या मजल्याला.
पोदेराचा भोंपू वाजला की मी वाकून बघायचे,
कठड्याला हात टेकायचा,
आणि तळव्यावरच्या रेषा अशा ठळक उठायच्या
की ज्योतिषाला चष्मा लागला नसता.

लादी दिवसातून दोनदा.
आठव्या महिन्यात वाकता येईना
तेव्हा पायानं फडकं ढकलत फिरले घरभर.

सासूबाईंनी सगळं पाळलं, खोटं कशाला बोलू.
पपई बंद. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसणं बंद.
ग्रहणात मला आतल्या खोलीत कोंडलं,
विळी, सुरी, कात्री लपवल्या,
काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो म्हणून.
खिडकी नसलेली खोली ती.
दाराच्या फटीतसुद्धा ओला टॉवेल कोंबला.
त्या सगळ्या महिन्यांत
तेवढेच अडीच तास मी स्वच्छ हवा घेतली असेन.

खालच्या एस्पेरांसा मावशीनं विचारलं, डोहाळे कसले?
तिच्या वेळी ती कोळसा चघळायची, चोरून,
चुलीतला, निवलेला.
मला डोहाळे लागायची वेळच आली नाही.
तो जहाजात बसून समुद्र ओलांडून यायचा
आणि संध्याकाळपर्यंत
दुधाच्या सायीवर टेकलेला असायचा.

चौतिसाव्या आठवड्यात पाणी गेलं.
एक किलो आठशे साठ.
कागदावर पावलाचा ठसा घेतला, शाईनं.
माझ्या अंगठ्याहून थोडा मोठा.
मग काचेच्या पेटीत सतरा दिवस.
पेटीचं बिल दामोदरनं भरलं.
तो त्याच धक्क्यावर क्रेन चालवतो.
हे वाक्य कुठं ठेवावं
मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर कवळेकर भला माणूस.
विचारलं, त्यामुळंच का?
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
म्हणाले, हजार बायकांचं सांगता येतं.
धूळ वाढली की इतकं वजन कमी, इतक्या जणी आधी,
पुढं काहींना दमा, काहींना शब्द उशिरा.
हजारांचं गणित बसतं. एकीचं नाही बसत.

बरोबरच असेल.
पण मी हजार नाही जन्माला घातल्या.

केतकी आता अडीच वर्षांची.
नऊ शब्द आहेत तिच्याकडे.
मडगावच्या बाई दर गुरुवारी चित्रं दाखवतात.
गाय. होडी. छत्री.
ती होडीवर बोट ठेवते, माझ्याकडे बघते,
आणि तो शब्द तिच्या गालात
लिमलेटच्या गोळीसारखा फिरताना दिसतो मला,
बाहेर येत नाही.

काल लादी पुसून वळले
तर खिडकीपासून माझ्यापर्यंत पावलं.
काळी, स्पष्ट, पाचही बोटं.
सासूबाई सवयीनं म्हणाल्या, लक्ष्मी आली.
मग गप्प बसल्या बराच वेळ.

दुपारी वरची फरजाना आली, तिसरा महिना लागलाय.
कार्ड वाचून दे म्हणाली.
तेच पिवळं. तीच नाहींची रांग.
मी वाचलं, उलटलं,
आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं,
खिडकी: बंदराकडे.

फरजाना म्हणाली, नर्स रागावेल.
केतकीनं हात पुढं केला, पेनासाठी.
दे, म्हणाली.
नवातला एक.